अंगातली कसर

पहाटे तीन-साडेतीनला जाग येते. उशीचा अभ्रा ओला, बनियन पाठीला चिकटलेलं, गळ्याच्या खळगीत पाणी. पंखा पाचावर फिरतोय आणि शेजारचा माणूस पांघरूण ओढून गाढ झोपलाय. यातलं शेजारच्या माणसाचं पांघरूण सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्टोबरात मुंबईत सगळेच घामाघूम होतात, तो घाम हवेचा. पण ज्या खोलीत एकाला पांघरूण लागतं त्याच खोलीत दुसऱ्याला उठून कपडे बदलावे लागत असतील, तर तो घाम आतून आलेला आहे. डॉक्टर ज्याला रात्रीचा घाम म्हणतात त्याची साधी कसोटी हीच. कपडे किंवा चादर बदलावी लागली का?

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दाहाचे दोन चिवट आजार. दोन्हींना मिळून आयबीडी म्हणतात. या आजारांत असा घाम नवलाचा नाही, तरी तो डॉक्टरांच्या कानापर्यंत क्वचितच पोचतो. ओपीडीत प्रश्न असतात ते ठरावीक. दिवसातून किती वेळा जाता, रक्त पडतं का, वजन किती उतरलं. घामाचं सांगायचं राहून जातं, कारण त्याचा निकाल घरातच लागलेला असतो. उष्णता झाली! मग सब्जा भिजतो, गुलकंदाची बरणी उघडते. सब्ज्याशी कुणाचं भांडण असायचं कारण नाही. पण 'उष्णता' हे उत्तर एकदा मिळालं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि नुकसान तिथे होतं.

मराठीत याच्यासाठी एक नेमका शब्द आहे, कसर. 'अंगात कसर आहे' म्हणजे ताप म्हणावा एवढा नाही, पण अंग मोडून आलंय, डोळे जड झालेत, तोंडाची चव गेलीय. संध्याकाळी थर्मामीटर लावला तर ९९.४, ९९.८. एवढ्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. रात्रीच्या घामाची सुरुवात मात्र बहुतेकदा या संध्याकाळच्या कसरीतच असते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. शरीर किती गरम ठेवायचं हे तो ठरवतो, गिझरच्या थर्मोस्टॅटसारखं. सुजलेल्या आतड्यातून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात उतरतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि थर्मोस्टॅटचा काटा वर सरकतो. आता ९८.४ सुद्धा शरीराला कमी वाटायला लागतं. कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, शिरशिरी येते, अंग तापतं. काही तासांनी काटा पुन्हा खाली येतो. मग तेच तापलेलं अंग जास्तीचं ठरतं आणि उष्णता बाहेर टाकायला घाम सुटतो. म्हणजे घाम येतो तो ताप उतरताना, चढताना नव्हे.

तो रात्रीच का येतो, याचं उत्तर शरीराच्या घड्याळात आहे. धडधाकट माणसाचंही तापमान संध्याकाळी सगळ्यात वर आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं. कॉर्टिसॉल हे शरीराचं घरचं दाहशामक. ते मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं आणि पहाटेकडे चढू लागतं. संध्याकाळी चढलेली कसर रात्री उताराला लागते. चादर भिजते ती या उतारावर.

यातून एक घोटाळा होतो. माणूस घामाने जागा होतो, घाबरून थर्मामीटर लावतो, तो ९७.६ दाखवतो. ताप नाहीच, असं ठरवून तो परत झोपतो. ताप होता, पण चार तास आधी. म्हणून मोजायचं ते संध्याकाळी, पाच ते आठच्या दरम्यान, जिभेखाली, आणि चहा-पाणी झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून. कपाळासमोर धरायची बंदूक घामेजल्या कातडीवर हमखास कमी आकडा दाखवते, या कामाला ती नको. आणखी एक गोष्ट. रात्री दहाला अंग दुखतं म्हणून पॅरासिटामॉल घेतली, तर गोळी काटा खाली ओढते आणि तासा-दोन तासांत घाम फुटतो. हा गोळीने उतरवलेल्या तापाचा घाम. गोळी किती वाजता घेतली हे लिहून ठेवलेलं नसेल, तर भिजलेल्या चादरीचा अर्थ लावता येत नाही.

लिहून ठेवायचं म्हणजे फार काही नाही. शाळकरी वहीचं एक पान, दोन आठवडे. तारीख, संध्याकाळचा ताप, रात्री कपडे बदलले का, झोपल्यानंतर किती वेळा शौचाला उठावं लागलं, कोणती गोळी किती वाजता घेतली. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा ही वही बरी. पहाटे तीनला डोळ्यांसमोर पडद्याचा उजेड नको, आणि ओपीडीतल्या पाच मिनिटांत उघडं पान एका नजरेत वाचून होतं.

रात्रीच्या शौचाचा रकाना वेगळा ठेवायला सबळ कारण आहे. कोलायटिसची तीव्रता मोजायची एक साधी पद्धत १९९८ साली मांडली गेली. तिच्यात दिवसाची आणि रात्रीची शौच वेगवेगळी मोजतात. रात्री एक ते तीन वेळा उठावं लागलं तर एक गुण, चार ते सहा वेळा तर दोन. दिवसा मात्र एक ते तीन वेळेला शून्य गुण. रात्रीला एवढा मान का? आतडंही रात्री निजतं. मोठ्या आतड्याची हालचाल झोपेत मंदावते आणि जाग आल्यावर वाढते, म्हणून तर सकाळी उठल्याउठल्या जावं लागतं. आतडं फक्त हळवं असेल, म्हणजे आयबीएस असेल, तर ते माणसाला सहसा झोपेतून उठवत नाही. सुजलेलं आतडं उठवतं. पोटाच्या तक्रारी 'टेन्शनमुळे' आहेत असं ज्याला वर्षभर सांगितलं गेलंय, त्याने रात्री दोन वाजता मुरडा येऊन जाग येते एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगावं. विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्यातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी त्यातूनच पुढे येते. ५० च्या खाली आकडा आला तर सहसा निश्चिंत राहावं, २५० च्या वर गेला तर दाह चालू आहे असं धरतात.

आता घाम आणि क्षय. आपल्याकडे हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. लहान आतडं मोठ्याला जिथे मिळतं, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, तीच जागा क्रोन्सच्या आवडीची आणि तीच आतड्याच्या टीबीचीही. दुर्बिणीतून दोन्हींचे व्रण सारखे दिसू शकतात, तुकडा काढून तपासला तरी दरवेळी छडा लागत नाही. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी हा आजार वेगळा म्हणून मांडला तेव्हाही, हा क्षय नव्हे हेच आधी दाखवावं लागलं होतं. भारतात तो पेच अजून रोजचा आहे. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, पोटात पाणी, छातीच्या फोटोत डाग आणि थोड्या महिन्यांचा इतिहास असेल तर पारडं टीबीकडे झुकतं. शौचातून रक्त, गुदद्वाराशी भगंदर आणि वर्षानुवर्षांची तक्रार असेल तर क्रोन्सकडे. ठरत नसेल तर टीबीची औषधं सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहतात. व्रण भरत असतील तर टीबी, नसतील तर फेरविचार. इथे नुसतं 'बरं वाटतंय' पुरत नाही. टीबीच्या औषधांवर क्रोन्सच्या रुग्णालाही काही काळ उतार पडू शकतो, व्रण मात्र तसेच राहतात.

निदान क्रोन्सचं पक्कं झालं तरी टीबीचा विषय मिटत नाही. इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब ही इंजेक्शनं टीएनएफला बांधून टाकतात. आतड्याला आराम पडतो. पण शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडलेल्या क्षयाच्या जंतूंभोवतीची भिंतही टीएनएफच राखत असतं. अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबला १९९८ मध्ये परवानगी मिळाली आणि २००१ मध्ये या औषधानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४० जणांचा क्षय फुफ्फुसाबाहेर होता, म्हणजे खोकल्याची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून इंजेक्शनच्या आधी छातीचा फोटो, माँटू ही कातडीत टोचून करायची आणि इग्रा ही रक्ताची तपासणी हा शिरस्ता झाला. माँटूची टोचणी ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते. चौथ्या दिवशी गेलं तर ती फुकट. स्टिरॉइड किंवा अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना या तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून शक्य असेल तर ती औषधं सुरू होण्याआधीच करून घेतलेल्या बऱ्या. सुप्त क्षय सापडला तर त्याचं औषध सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन देतात. आणि सगळं निगेटिव्ह आलं तरी तो जन्मभराचा दाखला नव्हे. भारतात क्षयाचा संसर्ग नंतरही कधीही होऊ शकतो. इंजेक्शन चालू असताना पोट शांत आहे, शौच घट्ट आहे, पण संध्याकाळची कसर आणि रात्रीचा घाम दोन आठवडे हटत नाही, वजन उतरतंय, अशी अवस्था असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करावा आणि त्या दिवसाचं इंजेक्शन घ्यायचं की थांबवायचं ते विचारावं.

अझाथायोप्रिनवर असणाऱ्यांनी गळ्यात, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ लागतेय का हेही अधूनमधून चाचपावं. लसिकाग्रंथींचा कर्करोग या औषधाने क्वचित होतो, खरंच क्वचित. पण भिजवणारा घाम, १००.४ च्या वरचा ताप आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरणं ही त्याचीही ठरलेली लक्षणं आहेत.

पोटातला गळू हे क्रोन्समधल्या घामाचं आणखी एक कारण. आतड्याला आरपार छिद्र पडून पू साठतो. हुडहुडी भरून ताप, मग धो धो घाम, आणि पोटाच्या एका बाजूला बोट ठेवलं की दुखणं. पू कमरेच्या सोआस स्नायूत उतरला असेल तर माणूस मांडी दुमडून निजतो, पाय सरळ केला की कळ येते. स्टिरॉइड चालू असेल तर हे सगळं सौम्य दिसतं. ताप शंभरच्या पुढे जातच नाही, पोट फारसं ताठत नाही. स्टिरॉइडवरच्या माणसाचा ९९.५ हा इतरांच्या १०१ इतक्या गांभीर्याने घ्यावा.

कोलायटिससाठी धोक्याची रेघ ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये आखून ठेवलीय, ती आजही वापरात आहे. दिवसात सहा किंवा जास्त रक्ताळ शौच, आणि जोडीला नाडी ९० च्या वर किंवा ताप शंभरच्या वर. असं असेल तर ओपीडीची तारीख नाही, दवाखान्यात भरती. अशा वेळी शौच थांबवायला लोपेरामाइड घेणं धोक्याचं, मोठं आतडं फुगून फाटू शकतं.

स्टिरॉइडचा झोपेशी उभा दावा आहे. प्रेडनिसोलोन बहुधा ४० मिलिग्रॅमने सुरू होतं आणि आठवड्याला पाच-पाचने उतरवतात. गोळ्या सकाळ-संध्याकाळ विभागून घेतल्या की संध्याकाळचा डोस रात्री एकपर्यंत डोळा लागू देत नाही. मन धावत राहतं, छाती धडधडते, वर घाम. सगळा डोस सकाळी नाश्त्यानंतर, आठ-नऊच्या आत घेता येईल का, हे विचारून घ्यावं. बहुतेकांना घेता येतो. झोप येत नाही म्हणून गोळी एकदम बंद करणं हा त्याहून मोठा घात. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेल्या स्टिरॉइडने शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल निजवलेलं असतं, ते जागं व्हायला वेळ लागतो. साखरेचंही बघावं. स्टिरॉइडने ती दुपारनंतर चढते, उपाशीपोटीची बरी येते आणि फसवते. इन्सुलिन घेणाऱ्याचा स्टिरॉइड उतरत गेला पण इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर रात्री साखर घसरते आणि गार, चिकट घाम येतो. त्या घामाला थर्मामीटर नको, ग्लुकोमीटर हवा, आणि हाताशी साखर. नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकंही घाम आणतात. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईचा घाम पाळी जाण्याचाही असू शकतो, थायरॉइडचाही. आयबीडी आहे म्हणून सगळा घाम आयबीडीच्या खात्यावर मांडायचं कारण नाही.

झोप मोडणाऱ्या बाकीच्या गोष्टी घामाइतक्या भीतिदायक नसतात, पण रात्र खायला पुरेशा असतात. पोटऱ्यांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, उठून चाललं की बरं वाटतं, ही लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते. आयबीडीत लोहाचा हिशेब फसवा आहे. फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचा रक्तातला आकडा, दाहानेच वाढतं, त्यामुळे सीआरपी हा दाहाचा आकडा चढलेला असताना ६०-७० फेरिटिनही कमतरतेत बसतं. सोबत ट्रान्सफरिन सॅच्युरेशन बघावं, २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी. दुसरी गोष्ट कमरेची. उत्तररात्री कंबर धरून जाग येते, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग ताठ, हिंडलं-फिरलं की मोकळं. ही दाहाची कंबरदुखी, आतड्याच्या आजाराची सख्खी बहीण. तिच्यावर मनानेच डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर कंबर सुटते आणि आतडं धरतं.

मलाशयात दाह असलेल्यांना मेसालामाइन या दाहशामक औषधाची सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) किंवा एनिमा निजताना घ्यायला सांगतात, आणि बरेचजण दोन-चार दिवसांत सोडून देतात. टिकत नाही, म्हणतात. टिकवायची रीत आहे. आधी शौचाला जाऊन यावं. एनिमाची बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावी, गार औषधाने आतडं आवळतं. बाटली नीट हलवावी. मग डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. औषध हळूहळू सोडून त्याच कुशीवर अर्धा तास. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो, औषध त्या उताराने आपोआप आत जातं. वामकुक्षी म्हणजे शब्दशः डावी कूस. पुणेकरांच्या दुपारच्या वामकुक्षीची चेष्टा करणाऱ्यांना ही रीत लगेच पाठ होईल. पहिल्या काही रात्री तासाभरात बाहेर आलं तरी औषध वाया गेलं असं नाही. दाह कमी होत गेला की आतडं आपणच धरून ठेवू लागतं. मेसालामाइनचा तपकिरी डाग मात्र कापडावरून निघत नाही, त्या रात्रींसाठी गडद रंगाची जुनी चादर वेगळी काढून ठेवावी.

अंथरुणाची रचना बाळंतिणीच्या खोलीतून उचलावी. गादीवर रबरशीट, तिच्यावर सुती चादर, वर पुन्हा रबरशीट आणि पुन्हा चादर किंवा धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं चौपदरी. रात्री भिजलं की वरचा जोड ओढून काढायचा, खाली कोरडं अंथरूण तयार. कपाट उघडणं नाही, ट्यूब लावणं नाही, घरच्यांना उठवणं नाही. उशाशी कोरडं बनियन, पंचा, पाण्याचा तांब्या. संडासच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा पुरतो, पांढरा लख्ख उजेड मेंदूला सकाळ झाल्याचं सांगतो.

घाम आणि जुलाब दोन्हींनी पाण्याबरोबर मीठही जातं. ओआरएसचं लिटरभराचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, चिमूट-चिमूट ग्लासात नाही. अर्धवट घातलं की प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यावं. इलिओस्टॉमी असलेल्यांना, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावलेल्यांना, तर नुसतं पाणी जास्त प्यायल्याने पिशवीतून आणखी मीठ वाहून जातं, त्यांना ओआरएसच हवं. घामाने पिशवीची चिकट चकती सुटते, म्हणून निजण्यापूर्वी कातडी कोरडी करून, पिशवी रिकामी करून निजावं. तिसरा भाग भरली की पुन्हा रिकामी करायची, या हिशेबाने रात्री एकदा गजर लावून उठलेलं परवडतं. फुटलेल्या पिशवीने उठणं परवडत नाही.

जेवण निजण्याच्या तीन तास आधी. चहा दुपारी दोननंतर नको, कॅफिनचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही शिल्लक असतो. घाम थांबला, पोट शांत झालं, तरी झोप परतत नाही असंही होतं. महिनोन्‌महिने त्याच वेळी जाग आल्यावर अंथरूण म्हणजे जागरण अशी शरीराची समजूत होऊन बसते. तेव्हा वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून बाहेर बसावं, पेंग आली की परत यावं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवावी. आजार उसळलेला असताना मात्र हे कडक नियम नकोत. तेव्हा शरीर मागेल तेव्हा निजू द्यावं.

कसर या शब्दाचा दुसरा अर्थ उणीव, आणि तीही इथे लागू पडते. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, क्रोन्स शांत असतानाही ज्यांची झोप बिघडलेली होती त्यांच्यात सहा महिन्यांनी आजार पुन्हा चालू असल्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. कोलायटिसमध्ये असं दिसलं नाही. झोप मोडल्याने आतडं बिघडलं, की आतलं धुमसणं झोपेला आधी कळलं, हे त्या पाहणीवरून ठरत नाही. मला दुसरं जास्त पटतं.

म्हणून औषध लागू पडलं, चादर कोरडी राहायला लागली, तरी वहीतला तो रकाना बंद करू नये. इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला देऊन झालं की पुढे दर आठ आठवड्यांनी देतात. काहींचं असं होतं की पाच-सहा आठवडे छान जातात आणि शेवटच्या दोन आठवड्यांत संध्याकाळची कसर परत येते, अभ्रा ओला होतो, सलाइन लागलं की पुन्हा थांबतं. पान उघडून तारखा ओळीने दाखवल्या की औषध आठ आठवडे पुरत नाहीये हे डॉक्टरांच्या लक्षात येतं, आणि पुढच्या सलाइनच्या आधी औषधाची रक्तातली पातळी तपासायची का, हे विचारता येतं. रक्त त्याच दिवशी सकाळी, सुई लागण्याआधी द्यायचं असतं.